महात्मा गांधींची आरोग्यसाधना

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोगाचे निरूपण करताना भगवंतांनी आहार आणि निद्रा यांसारख्या अगदी घरगुती गोष्टींचा विचार केला आहे. योगासारख्या उच्च विषयात जेवणाची आणि झोपेची गोष्ट कशाला, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु विचार केला म्हणजे ध्यानात येते की ज्याचे खाणे, हिंडणे-फिरणे, काम करणे, झोपणे आणि जागणे मर्यादेत नाही, त्याचे चित्त स्थिर होणे कठीण आहे. शरीर हे साधनेचे उपकरण आहे. त्याचे लाड करू नयेत, तसाच त्याचा छळही करू नये.

आपण गृहस्थ लोक हा उपदेश बहुधा आहारापुरताच घेतो. कर्मालाही मर्यादा असावी, सत्कर्मालासुद्धा असावी, हा त्यातील भाग आपल्या दृष्टीतून निसटतो. महात्मा गांधींसारख्या गीतेच्या एकनिष्ठ उपासकालाही तो भाग फार मोलाने शिकावा लागला. करवीर नगरीत त्यांना लागलेली ठेच आणि बंगळूरजवळच्या नंदीगिरीवर त्यांनी घेतलेला विश्राम यांची कथा म्हणूनच प्रत्येक कर्त्या माणसाने मनन करावी अशी आहे. त्यासाठी त्यांच्या आरोग्यसाधनेचा आरंभ प्रथम पाहिला पाहिजे.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म पोरबंदर येथे २ ऑक्टोबर १८६९ रोजी वैष्णव कुळात झाला. घरचे वातावरण व्रतनियमांचे होते. मातोश्री पुतळीबाई कडक उपवास करीत. कुमारवयात एका मित्राच्या नादाने त्यांनी चोरून मांस खाल्ले, पण आईवडिलांपासून सत्य लपवावे लागते या दुःखाने ते सोडूनही दिले. इ. स. १८८८ मध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी ते विलायतेस निघाले, तेव्हा मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याचे वचन त्यांनी आईला दिले. लंडनमध्ये हे वचन पाळताना अर्धपोटी दिवस काढावे लागले. तेथेच त्यांना शाकाहाराचा पुरस्कार करणारी मंडळी आणि त्यांचे ग्रंथ भेटले. जे आतापर्यंत आईला दिलेल्या शब्दासाठी पाळले होते, ते आता विचाराने पटले. मसाले सुटले, आणि चवीचे खरे ठिकाण जीभ नसून मन आहे हा अनुभव आला. त्यांच्या आहारविषयक प्रयोगांचा पाया असा घातला गेला.

दक्षिण आफ्रिकेत वकिली चांगली चालू लागली, पण मलावरोध आणि डोकेदुखी मागे लागली. वारंवार रेचक घ्यावे लागे. याच सुमारास अडोल्फ जुस्ट आणि लुई कुन्हे या जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तके त्यांच्या हाती आली. पहिल्याने मातीच्या पट्टीची महती सांगितली होती, दुसऱ्याने कटिस्नानाची. स्वच्छ माती थंड पाण्यात भिजवून, ती पातळ फडक्यात गुंडाळून, रात्री पोटावर बांधावी, असा उपाय गांधीजींनी स्वतःवर केला आणि त्यांना त्याचा गुण आला. निसर्गोपचारावरील त्यांची श्रद्धा पुस्तकातून उगवली खरी, पण ती स्वतःच्या देहावरील प्रयोगाने वाढली.

या श्रद्धेची पहिली कठीण कसोटी मुंबईत लागली. इ. स. १९०२ मध्ये ते गिरगावात राहत असता त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला. त्यात फुप्फुसाचा दाहही होता. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप देण्यास सांगितले. गांधीजींनी ते नाकारले, परंतु डॉक्टरांना दूर केले नाही. मी माझ्या समजुतीप्रमाणे जलोपचार करीन, आपण नाडी आणि छाती तपासत राहावे, अशी त्यांनी विनंती केली आणि त्या सज्जन डॉक्टरांनी ती मानली. कटिस्नान आणि पाणी घातलेला नारिंगाचा रस सुरू झाला. ताप १०४ अंशांपर्यंत चढला. पित्याचे मन डळमळू लागले. आपल्या मताच्या आग्रहापायी मुलाच्या जिवाशी खेळण्याचा अधिकार बापाला आहे काय, हा प्रश्न त्यांना जाळू लागला. शेवटी त्यांनी मुलाला ओल्या चादरीत गुंडाळले, वरून घोंगडी घातली, आणि त्याला मातेच्या स्वाधीन करून ते चौपाटीवर रामनाम घेत येरझारा घालू लागले. परत आले तेव्हा मणिलालला घाम सुटला होता आणि ताप उतरत होता. पुढे चाळीस दिवस दूध आणि फळांचा रस यांवर राहून मुलगा बरा झाला.

या प्रसंगाची कथा सांगताना गांधीजींनी एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली आहे. मुलगा जलोपचाराने वाचला, पथ्याने वाचला, शुश्रूषेने वाचला की ईश्वरकृपेने, हे निश्चयाने कोणी सांगावे? त्यांनी श्रेय ईश्वराला दिले. हीच वृत्ती जोहान्सबर्ग येथे इ. स. १९०४ मध्ये फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली तेव्हा दिसली. रिकाम्या गुदामात ठेवलेल्या भारतीय मजुरांची त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जीव धोक्यात घालून शुश्रूषा केली. डॉक्टर गॉडफ्रे यांच्या अनुमतीने तीन रोग्यांना त्यांनी मातीच्या पट्ट्या बांधल्या. त्यांपैकी दोघे वाचले; गुदामातील बाकीचे रोगी दगावले आणि सेवा करणारी परिचारिकाही गेली. एवढ्यावरून मातीने प्लेग बरा होतो असा डांगोरा त्यांनी पिटला नाही. आपली श्रद्धा वाढली, पण हे सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही, असेच त्यांचे म्हणणे राहिले. श्रद्धा आणि सिद्धांत यांतील हा भेद ज्याला कळला, त्याच्याच हाती घरगुती उपचार शोभतो.

कस्तुरबांच्या आजारातली हकीकत तर गृहस्थाश्रमाचे भूषण आहे. आफ्रिकेत त्यांना रक्तस्रावाचा विकार जडला. जलोपचाराने पुरते बरे वाटेना, तेव्हा गांधीजींनी मीठ आणि डाळी सोडण्याचा सल्ला दिला. बांना तो पटेना. तुम्हांला कोणी सांगितले तर तुम्हीही सोडणार नाही, असे त्या बोलून गेल्या. त्याच क्षणी गांधीजींनी एक वर्षपर्यंत मीठ आणि डाळी सोडल्याचे जाहीर केले. बांना फार वाईट वाटले. मी सोडते, पण आपण व्रत मागे घ्या, असे त्यांनी विनविले. परंतु घेतलेले व्रत परत कसे जाणार? बांना पुढे आराम पडला. पथ्य आज्ञेने पाळवता येत नाही, ते घरातील कर्त्याने आधी स्वतः आचरावे लागते, हा धडा या प्रसंगात आहे. ज्या घरात वडील तंबाखू चघळीत मुलाला संयम शिकवतात, तेथे उपदेश भिंतीवर आपटून परत येतो.

इ. स. १९१२ मध्ये टॉल्स्टॉय आश्रमात त्यांनी मित्र कॅलनबॅक यांच्यासह दूध सोडले. गाई-म्हशींकडून अधिक दूध काढण्यासाठी केल्या जाणाऱ्या क्रूर प्रकारांची वर्णने त्यांनी वाचली होती, हेही त्याचे एक कारण होते. पुढच्याच वर्षी ‘इंडियन ओपिनियन’ पत्रात त्यांनी आरोग्यावर गुजराती लेखमाला लिहिली. लोकांनी ती आवडीने वाचली.

आणि तरीही इतक्या नियमी पुरुषाला रोगाने गाठले. इ. स. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायी हिंडताना भुईमूग आणि लिंबू यांवर ते कसेबसे राहत होते. प्रकृती बिघडली होती, आणि पोटाला विश्रांती हवी होती. अशात सणाच्या दिवशी बांनी तेलातील गोड दलिया आणि मूग केले. थोडेसे घेऊन बांना बरे वाटू द्यावे आणि जिभेलाही, असे म्हणता म्हणता त्यांनी पोटभर खाल्ले. तासाभरात आमांशाने असे उचलले की मृत्यू समोर दिसू लागला. हा दोष त्यांनी कधी दुसऱ्यावर ढकलला नाही. जिभेचा मोह हेच कारण, असे त्यांनी उघडपणे लिहून ठेवले. साबरमतीस ते अंथरुणाला खिळले असता केळकर नावाचे एक गृहस्थ आले. त्यांना लोक गमतीने बर्फाचे डॉक्टर म्हणत. त्यांनी सर्वांगाला बर्फ लावण्याचा उपचार केला आणि गांधीजींना उभारी आली. परंतु अशक्तपणा हटेना. पुढे मुंबईस डॉक्टर दलाल यांनी मूळव्याधीवर शस्त्रक्रिया केली आणि दूध घेतल्याशिवाय शरीर भरणार नाही असे बजावले. व्रत आड येत होते. तेव्हा बांनीच तोड काढली : व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती. गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. देशकार्यासाठी जगण्याची इच्छा प्रबळ ठरली. पण व्रताचे अक्षर राखले आणि आत्मा गमावला, ही खंत त्यांनी जन्मभर वाहिली आणि जगापासून लपवली नाही.

इ. स. १९२२ च्या मार्चमध्ये त्यांना कारावास झाला. येरवड्याच्या तुरुंगात आंत्रपुच्छाचा दाह झाला. १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी रात्री शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. मातीच्या पट्टीचा हा पुरस्कर्ता त्या वेळी निमूटपणे शस्त्राच्या स्वाधीन झाला. आधुनिक वैद्यकावर त्याने कडक टीका केली होती. पण पोटातील पिकलेल्या अवयवाला पट्टीने उतार पडणार नाही हे दिसल्यावर त्याने हट्ट धरला नाही. त्या इंग्रज शल्यवैद्याविषयी गांधीजींच्या मनात कायमचा स्नेह राहिला.

आता मुख्य कथेकडे वळू. इ. स. १९२६ च्या डिसेंबरात गोहत्तीची राष्ट्रसभा आटोपून गांधीजी खादीकार्यासाठी देशभर दौऱ्यावर निघाले. बंगाल, बिहार, मध्यप्रांत करीत ते महाराष्ट्रात आले. रोज नवे गाव, रोज अनेक सभा, रात्री आगगाडीचा प्रवास आणि पहाटे पत्रव्यवहार असा क्रम महिनोन्‌महिने चालला. इ. स. १९२७ च्या मार्चअखेरीस ते कोल्हापुरास पोहोचले. तेथे एकाच दिवसात एकामागून एक सभा झाल्या, आणि शेवटी शरीराने साथ सोडली. तशाच स्थितीत ते निपाणीस आणि बेळगावकडे गेले. वैद्यांनी तपासले तेव्हा रक्तदाब फार वाढलेला आढळला. हा पक्षाघाताचा सौम्य झटका असल्याचे निदान झाले. डॉक्टर जीवराज मेहता यांनी सर्व दौरे बंद करून काही महिने पूर्ण विश्रांती घेण्यास सांगितले.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की या वेळी आहारात चूक नव्हती. मोजके अन्न, शेळीचे दूध, फळे, नियमित चालणे आणि प्रार्थना ही सर्व पथ्ये चालू होती. चूक कर्माच्या अतिरेकात होती. हेतू शुद्ध होता, काम दरिद्रनारायणाचे होते. पण निसर्गाचा नियम हेतूची चौकशी करीत नाही. दिव्यात तेल नसेल तर तो देवापुढचा असला तरी विझतो. गांधीजी प्रत्येक आजाराला निसर्गनियमाच्या उल्लंघनाचे फळ मानीत. त्या न्यायाने त्यांना आता स्वतःच्या कार्यपद्धतीलाच दोषी धरावे लागले.

प्रथम त्यांना सावंतवाडी संस्थानातील आंबोली या थंड हवेच्या ठिकाणी ठेवण्यात आले. सह्याद्रीच्या माथ्यावरील त्या शांत गावात सुमारे तीन आठवडे गेले. त्यानंतर एप्रिलच्या उत्तरार्धात त्यांना म्हैसूर संस्थानातील नंदीगिरीवर नेले.

नंदीगिरी बंगळूरच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर आहे. त्याची उंची सुमारे १४७८ मीटर. पायथ्याच्या गावात भोगनंदीश्वराचे प्राचीन मंदिर आहे आणि शिखरावर योगनंदीश्वराचे. खाली भोग, वर योग, आणि दोन्ही ठिकाणी एकच शिव! जणू त्या डोंगराची रचनाच साधकाला उपदेश करते. भर उन्हाळ्यातही तेथे सकाळी धुके उतरते आणि वारा गार असतो. डोंगरावरील एका जुन्या बंगल्यात गांधीजींचा मुक्काम पडला. राजगोपालाचारी आणि महादेवभाई देसाई यांसारखी मंडळी त्यांच्या सेवेत होती. जूनच्या आरंभापर्यंत, म्हणजे सुमारे दीड महिना, ते तेथे राहिले. त्या बंगल्याला पुढे गांधी निलय असे नाव मिळाले.

तेथील दिनक्रम साधा होता : मोजका आहार, मोकळ्या हवेत विश्रांती, प्रकृती सुधारेल तसे थोडे अधिक चालणे, प्रार्थना आणि सूतकताई. आत्मकथेचे प्रकरण दर आठवड्याला पत्रातून प्रसिद्ध होत होते, तेवढे लेखन आणि जरुरीची पत्रे एवढेच काम त्यांनी हाती ठेवले. ज्याने उपवास सहज केले, तुरुंग हसत सोसला, त्याला काम न करता पडून राहणे सर्वांत जड गेले असेल तर नवल नाही. कर्तबगार मनुष्याला काम सोडणे हेच कधी कधी मोठे तप होऊन बसते.

या काळात एका महाराष्ट्रीय योगाभ्यासी पुरुषाशी त्यांचा पत्रव्यवहार चालला होता. ते म्हणजे लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांनी इ. स. १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली होती. आसने आणि प्राणायाम यांचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांच्या साहाय्याने तपासून पाहावे, केवळ ऐकीव महिमा सांगू नये, हा त्यांचा बाणा होता. गांधीजींनी त्यांच्याकडून आसनांविषयी सल्ला घेतला आणि आपल्या प्रकृतीवर होणारा परिणाम त्यांना कळवीत राहिले. डॉक्टर रक्तदाब मोजत होते आणि योगी मार्ग दाखवीत होता. जुन्या विद्येने नव्या मापाला भ्यावे असे दोघांनाही वाटले नाही. योगासनांचा अभ्यास आज घरोघरी पुस्तके पाहून केला जातो. त्यांनी हे लक्षात ठेवावे की गांधीजींनीही आसने जाणत्याला विचारून, रक्तदाबाकडे दृष्टी ठेवून केली. रक्तदाब असणाऱ्याने डोके खाली आणि पाय वर असलेली आसने स्वतःच्या मनाने मुळीच करू नयेत.

जूनच्या आरंभी ते डोंगर उतरून बंगळूर शहरात कुमारपार्क येथे राहावयास आले. म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार आणि दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या राज्यात त्यांचे आदरातिथ्य झाले. आज त्याच भागात गांधी भवन उभे आहे. हळूहळू शक्ती आली. जुलैत त्यांनी बंगळूर येथील खादी प्रदर्शनाचे उद्घाटन केले आणि भारतीय विज्ञान संस्थेलाही भेट दिली. परंतु मन रमले ते एका निराळ्याच ठिकाणी. इ. स. १९२३ पासून बंगळूरमध्ये सरकारी पशुपालन व दुग्धसंस्था चालू होती. गांधीजी तेथे विद्यार्थ्यासारखे जाऊन गोपालनाचे शिक्षण घेऊ लागले. गाईंची निवड, चारा, दुधाची नोंद, गोठ्याची स्वच्छता हे सारे त्यांनी बारकाईने पाहिले. पंडित मदनमोहन मालवीयही तेथे आले होते. संस्थेच्या नोंदवहीत आपला व्यवसाय लिहिताना गांधीजींनी स्वतःला शेतकरी म्हणवून घेतले. ज्याने गाईचे दूध वर्ज्य केले होते, त्यानेच तिच्या सेवेचे शास्त्र शिकावे, यात विरोध नाही. गोभक्ती ज्ञानयुक्त सेवेतूनच पुरी होते, हे त्यांनी कृतीने सांगितले. ती संस्था इ. स. १९५५ मध्ये हरियाणातील कर्नालला गेली आणि आज राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिचे दक्षिण विभागाचे केंद्र बंगळूरमध्ये आहे.

विश्रांतीची खरी परीक्षा मात्र जुलैच्या शेवटी झाली. गुजरातेत अतिवृष्टी होऊन महापूर आला. गावेच्या गावे बुडाली. आपली जन्मभूमी संकटात आणि आपण मात्र बंगळूरच्या सुखद हवेत! गांधीजींनी येण्याची तयारी दर्शविली. परंतु वल्लभभाई पटेल यांनी त्यांना न येण्याचा सल्ला दिला. आपण दिलेले शिक्षण आमच्या अंगी किती मुरले आहे हे पाहावयाचे असेल तर दूरच राहावे, असा त्यांचा भाव होता. गांधीजींनी ते मानले. वल्लभभाईंनी आणि स्वयंसेवकांनी पूरग्रस्तांचे काम इतके चोख केले की सर्वत्र वाखाणणी झाली. माझ्यावाचून अडेल, हा अहंकार सत्कर्माच्या आड लपून बसतो आणि मनुष्याला रोगाच्या दारात नेतो. कर्ता-करविता ईश्वर आहे असे मुखाने म्हणणारे आपण, दोन दिवस अंथरुणावर पडलो तरी घर कसे चालेल म्हणून तळमळतो! फलाची आसक्ती सोडणे कठीण, पण मीच कर्ता ही आसक्ती सोडणे त्याहून कठीण आहे. बंगळूरच्या मुक्कामात गांधीजींनी तिला बाजूस ठेवून दाखविले.

तरी मनुष्यस्वभाव पाहा! हा धडा एकदा शिकून संपला नाही. इ. स. १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्यास अतिश्रमाने त्यांची प्रकृती पुन्हा ढासळली आणि इ. स. १९३६ च्या मे महिन्यात ते पुन्हा नंदीगिरीवर विश्रांतीस आले. या वेळी सरदार वल्लभभाईही बरोबर होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने इ. स. २०१९ मध्ये त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत १९ फेब्रुवारी १९४० रोजी त्यांचा रक्तदाब २२० आणि ११० इतका लिहिलेला आहे. तेवढा दाब असता त्यांचे चित्त शांत होते, हे त्यांचे सामर्थ्य. परंतु शांत चित्त म्हणजे नीट रक्तदाब नव्हे, हेही त्यातूनच कळते.

इ. स. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असता त्यांनी आरोग्यावर एक छोटे गुजराती पुस्तक लिहिले. पृथ्वी, जल, आकाश, तेज आणि वायू ही पंचमहाभूतेच औषध आहेत, आणि त्यांच्यावर रामनाम आहे, असा त्याचा गाभा आहे. त्यातील आकाशतत्त्वाचा विचार मननीय आहे. पोटात थोडी जागा रिकामी ठेवणे, घरात अडगळ न साठवणे, अंगावर आवश्यक तेवढेच वस्त्र ठेवणे, हे सर्व आकाशाचे सेवन होय. आणि कामाकामांमध्ये मोकळा वेळ ठेवणे हेही आकाशाचेच सेवन नव्हे काय?

त्याच महालात २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी देह ठेवला. शेवटच्या दिवसांत पुत्र देवदास यांनी पेनिसिलिन हे त्या वेळी नवे असलेले औषध मागविले होते. ते सुईने वारंवार टोचावे लागेल हे कळल्यावर गांधीजींनी मुलाला त्यापासून परावृत्त केले. ज्याची सहधर्मचारिणी बासष्ट वर्षांच्या सोबतीनंतर अंतिम श्वास घेत आहे, त्याच्या मनाचा न्याय कोणी करावा? परंतु पुढे काही आठवड्यांनी त्यांना स्वतःला तीव्र हिवताप आला, तेव्हा उपवास आणि फळांचा रस यांवर दोन दिवस काढून, शेवटी त्यांनी क्विनीन घेतले आणि ताप उतरला, हेही नमूद केले पाहिजे.

आणखी एक गोष्ट भक्तिभावापोटी झाकून ठेवणे सत्याच्या उपासकाचा अपमान होईल. देवीच्या लशीला गांधीजींचा विरोध होता. इ. स. १९३० च्या आरंभी साबरमती आश्रमात देवीची साथ आली आणि तीन बालके दगावली. त्यांना अतोनात क्लेश झाले. आपले मत त्यांनी सोडले नाही. मात्र ज्यांना मुलांना लस टोचून घ्यावयाची असेल त्यांना ती मोकळीक होती. काळाने या प्रश्नाचा निकाल दिला आहे. लशीच्याच बळावर तो भयंकर रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला आणि इ. स. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले. या बाबतीत महात्माजींचे मत चुकीचे होते. महापुरुषाचे सर्व गुण घ्यावे, त्याची चूक मात्र घेऊ नये. तसे करण्यात अनादर नाही. स्वतःच्या चुका त्यांनीच जगापुढे मांडल्या होत्या.

इ. स. १९४६ च्या मार्चमध्ये ते पुण्याजवळ उरुळीकांचन या खेड्यात आले आणि तेथील गरीब रोग्यांवर निसर्गोपचार सुरू केले. तेथे आश्रम स्थापन झाला आणि मणिभाई देसाई यांनी आपले सारे आयुष्य त्याला वाहिले. तो आश्रम आजही चालू आहे. पुण्यात डॉक्टर दिनशा मेहता यांच्या ज्या निसर्गोपचारगृहात गांधीजी राहत, त्या वास्तूत आज राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनेस जात असता गोळ्या लागून त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय ७८ वर्षांचे होते.

या चरित्रातून गृहस्थाने काय घ्यावे? साधे ताजे अन्न, कमी मीठ, भाजी-फळे, रोज चालणे, मोकळी हवा, वेळेवर झोप, व्यसनांचा त्याग आणि ईश्वरस्मरण हे सर्व निःशंक घ्यावे. आजचे वैद्यकशास्त्रही यांची शिफारस करते. मलावरोध, अपचन, साधी डोकेदुखी, मनाची चिडचिड यांसारख्या नित्याच्या तक्रारींत औषधाच्या बाटलीकडे धाव घेण्यापूर्वी आपल्या ताटाकडे आणि दिनचर्येकडे पाहावे. परंतु रक्तदाब पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखविता वाढतो. म्हणून तिशी उलटल्यावर तो अधूनमधून मोजून घ्यावा. चालू असलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. मधुमेह असणाऱ्याने वैद्याला विचारल्यावाचून उपवास करू नये. ताप हटत नसेल, छातीत दुखत असेल, तोंड वाकडे होत असेल, हातपाय लुळे पडत असतील किंवा वाचा अडखळत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. ते करताना आपली श्रद्धा कमी पडली असे समजू नये. ससून रुग्णालयात जाताना महात्माजींना तसे वाटले नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, कामाला मर्यादा घालावी. मुलांसाठी, घरासाठी, समाजासाठी आपण झिजतो हे भूषणच आहे. पण शरीर मोडेपर्यंत झिजणे हे भगवंतांनी सांगितलेल्या योगात बसत नाही. आठवड्यातून थोडा वेळ तरी काम खाली ठेवावे, मौन धरावे, नाम घ्यावे आणि आपल्यावाचून जग चालते हे शांतपणे पाहावे. पायथ्याच्या भोगापासून शिखरावरच्या योगाकडे जाणारी वाट चढणीची आहे. ती चढताना मध्ये थांबून श्वास घ्यावाच लागतो. असे थांबणे हाही चढण्याचाच भाग आहे. ही सद्बुद्धी परमेश्वर आपणा सर्वांना देवो.